हर्डीकरांची बीव्हर हॅट

अण्णा नगर, चेन्नई
९ जून २०२५

श्रीमती सरोजिनीबाई यांस,

आपली ओळख नाही आणि ती वाढावी अशी माझी इच्छाही नाही. नमस्कार लिहितो तो केवळ रीत म्हणून.

मी कृष्णकांत हर्डीकर. मूळचा पुण्याचा, वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त. गेल्या वर्षी आईला घेऊन मुलीकडे, कीर्तीकडे, इथे राहायला आलो. परवा इथल्या साप्ताहिकात तुमची मुलाखत वाचली. माउंट रोडवरच्या जुन्या हॅट-कारागिराची लेक, निवृत्त शिक्षिका, वगैरे. सोबत फोटो होता. टेबलावर लाकडी साचे, वाफेची किटली, दोन ब्रश, आणि मधोमध करड्या रंगाची एक फेल्ट हॅट. ती हॅट आमची आहे.

माझे वडील कै. दिनकरराव हर्डीकर १९६४ ते ६८ मद्रासला रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर होते. एका कॅनडाच्या इंजिनिअरने मायदेशी जाताना आपली हॅट त्यांना भेट दिली. ती लोकरीची नव्हती. बीव्हर म्हणून एक जनावर असतं, नदीत बांध घालून राहतं. त्याच्या राठ केसांखाली जी मऊ लव असते, तिची ती हॅट. पावसात घालून गेलं तरी पाणी ओघळून जायचं. अशी हॅट मद्रासेत दुसरी नाही, असं वडील येईल त्याला सांगत.

मे १९६७ मध्ये त्यांनी ती साफ करायला दुकानात दिली, जिथे तुमचे वडील कामाला होते. परत आली ती भलतीच. खरखरीत, निस्तेज, डोक्याला घट्ट. सशाची स्वस्त हॅट गळ्यात मारली होती. मूळची कोणी दाबली हे सांगायला ज्योतिषी नको. दुकानाच्या मालकाने तुमच्या वडिलांना, वेंकोबारावांना, त्याच दिवशी घरी बसवलं, पण हॅट काही मिळाली नाही. आता अठ्ठावन्न वर्षांनी ती तुमच्या टेबलावर दिसते, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून हसताय.

वडील जाईपर्यंत त्या हॅटची हळहळ करत होते. पंधरा दिवसांत ती परत करा, नाहीतर मी त्याच साप्ताहिकाला लिहून कळवीन की त्यांनी कोणाच्या लेकीचं कौतुक छापलंय. फोन दोनदा केला, आपण उचलला नाही.

कृष्णकांत दिनकर हर्डीकर


तिरुवल्लिकेणी
१६ जून २०२५

श्री. हर्डीकर,

फोन मुद्दामच उचलला नाही आणि उचलणारही नाही. तुमच्या घराण्यानं एकदा तोंडानं बोलून आमचं वाटोळं केलं. आता जे बोलायचं ते कागदावर बोला, तारीख घाला आणि खाली सही करा.

माझ्या टेबलावरची हॅट सशाची आहे. दुकानात एका हॅटचं कच्चं टोपडं चिरलं होतं, विकण्याजोगं नव्हतं. मालकांनी ते अप्पांना देऊन टाकलं. अप्पांनी ते साच्यावर चढवून स्वतःसाठी हॅट केली आणि जन्मात एकदाही डोक्यावर घातली नाही. आमच्यासारख्यांनी हॅट घालून तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतून जायचं म्हणजे पोरांना आयती करमणूक. तिच्यावर माझ्याखेरीज कुणाचा हक्क नाही.

सशाची, रानसशाची, बीव्हरची, न्यूट्रिया नावाच्या पाणउंदराची, एवढंच काय, दक्षिण अमेरिकेतल्या व्हिकुन्याचीसुद्धा हॅट अप्पांच्या हाताखालून गेलेली होती. डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवायचे आणि जनावराचं नाव सांगायचे. असा माणूस बीव्हर चोरील आणि बदल्यात ससा देईल, तेही रेल्वेच्या साहेबाला, ज्याच्या घराचा पत्ता पावतीवर लिहिलेला आहे? चोरीला निदान थोडी अक्कल लागते.

तुम्ही दुकानाचं लिहिलंत. मंडळाचं लिहिलं नाहीत. आठवत नाही की आठवायचं नाही? त्याच वर्षीच्या गणपतीत, आपल्या मराठी लोकांच्या मंडळात, अप्पा आरतीला टाळ घेऊन उभे राहिले. तुमचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "चोराच्या टाळावर मी आरती म्हणणार नाही." अप्पांनी टाळ खाली ठेवले आणि बाहेर आले. मी चौदा वर्षांची, त्यांचं बोट धरून होते. त्यानंतर अम्माला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. अप्पा पुढे एका लाँड्रीत कॉलरना खळ लावत बसले. अकरा वर्षं जगले आणि मंडळाच्या रस्त्यानं एकदाही गेले नाहीत.

आता माझा प्रश्न. तुमच्या वडिलांना परत मिळालेली ती "सशाची" हॅट कुठे आहे? असेल तर आतली कातड्याची फीत उचला आणि खाली काय लिहिलंय ते मला कळवा.

सरोजिनी वेंकोबाराव


अण्णा नगर
२४ जून २०२५

श्रीमती सरोजिनीबाई,

पत्र मिळालं. तंजावरी मराठी वाचायला जरा कष्ट पडतात, पण तुमचा उर्मटपणा चटकन कळतो.

ती हॅट आहे. वडिलांनी पुराव्यादाखल जपून ठेवली होती. पुण्याहून येताना मीही आणली. आजही डोक्यात शिरत नाही. फितीखाली पेन्सिलीने दोन ओळी खरडल्यात, गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या, एक अक्षर लागत नाही. त्याने काय सिद्ध होतं? हॅट बदलणारा माणूस फितीखाली हवं ते खरडू शकतो.

मंडळातल्या प्रसंगाबद्दल म्हणाल, तर मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडील स्पष्टवक्ते होते. त्यांची जिवापाड जपलेली वस्तू गेली होती, त्यांना राग आला, ते बोलले. चोराला चोर म्हणण्यात गैर काय?

तुमच्या पत्राचा घरात झालेला परिणामही कळवून ठेवतो. आई, सुनंदाबाई, एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिला तुमचं पत्र जेवताना वाचून दाखवलं. भात तसाच ताटात टाकून ती उठून आत गेली आणि दोन दिवस धड बोलली नाही. त्या चोरीची जखम तिच्या मनात अजून ओली आहे. तुमच्या लेखी ही करमणूक असेल, आम्ही ते घरात भोगलंय.

हॅट परत करण्याची मुदत आज संपली. एक आठवडा आणखी देतो.

कृ. दि. हर्डीकर


तिरुवल्लिकेणी
३० जून २०२५

श्री. हर्डीकर,

तुमचं मराठी पुण्याचं असेल. आमचं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथेच राहिलं. त्यात तमिळ मिसळलं, दुसऱ्याच्या बापाला चोर म्हणायची चाल मात्र मिसळली नाही.

तुम्हाला खरडलेलं दिसलं ते मोडी आहे. अप्पांच्या घरात सगळे मोडीच लिहायचे. हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक हॅटच्या फितीखाली ते गिऱ्हाइकाचं नाव, डोक्याचं माप आणि तारीख मोडीत घालत. दुकानात दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नसे, म्हणून कुणी त्यात ढवळाढवळ करत नसे. पुण्यात मोडी वाचणारे ढिगानं आहेत म्हणतात. फोटो काढून पाठवा एखाद्याला. मग शिंप्याची टेप घेऊन हॅटच्या आतलं माप तुमचं तुम्ही घ्या.

मोडी अप्पांनी मागाहून लिहिली म्हणाल. बरं. मग लवेचं काय? दोन केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की ससा आणि बीव्हर वेगळे कळतात, हे आजची कॉलेजातली मुलगी सांगेल. तुमच्या वडिलांनी एकदाही तपासलं नाही. त्यांना गरजच वाटली नाही. रेल्वेच्या साहेबानं सशाची म्हटली की ती सशाची.

अप्पांची काम करायची पद्धतही सांगते, कारण तुम्ही तुमच्या वडिलांचं भरपूर सांगितलंत. आधी ब्रश, मग वाफ, मग साचा, मग पुन्हा ब्रश. ब्रश फिरवायचा तो प्रदक्षिणेच्या उलट्या दिशेनं, कारण लव तशीच बसवलेली असते. घरात असं उलटं फिरवणं अम्माला खपायचं नाही. ती म्हणायची, "हे पितरांचं काम, ते इथं नको." म्हणून अप्पा घरी हॅटला ब्रश लावत नसत. तुमच्या बीव्हरला त्यांनी तीन दिवस दिले होते. रोज घरी येऊन तिच्याबद्दल बोलत. त्या तीन दिवसांत ते खुशीत होते, ते मी पाहिलंय.

तुमच्या आईंनी भात का टाकला ते मला विचारू नका. ते तुमच्या घरातलं आहे.

मुदती घालणं बंद करा. मी तुमच्या बँकेची खातेदार नाही.

सरोजिनी वेंकोबाराव


अण्णा नगर
२८ जुलै २०२५

श्रीमती सरोजिनीबाई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण मी ऐकीव गोष्टींवर बोलत नाही.

मोडी पुण्यातल्या एका जाणकारांनी लावून दिली. "दिनकरराव हर्डीकर, डोई पावणेतेवीस, मे १३, ६७." हॅटचं आतलं माप आज बावीस इंचही भरत नाही. कीर्तीने लवेचे नमुने एका प्रयोगशाळेत दिले. अहवाल गुरुवारी आला. लव बीव्हरची आहे. भेसळ नाही.

म्हणजे परत आलेली हॅट आमचीच होती. हे मी मान्य करतो. तुमच्या टेबलावरच्या हॅटवरचा माझा दावाही मागे घेतो.

पण म्हणून तुमच्या वडिलांची पूर्ण सुटका होत नाही. पावणेतेवीसची हॅट बावीसच्या आत आली ती कशी? कढत वाफेखाली विसरली असणार. कातडं आवळलं, लव राठ झाली. चोरी नव्हे, हलगर्जीपणा. वडिलांचा अंदाज चुकला, पण राग चुकला नाही. एका चांगल्या वस्तूचा नाश तर झालाच ना?

सोबत एक चिठ्ठी सही करून जोडली आहे. तीत "कै. वेंकोबाराव यांनी हॅटची अदलाबदल केली नव्हती" असं स्वच्छ लिहिलंय. हवी तर फ्रेम करून लावा. माझ्या बाजूने विषय संपला.

कृ. दि. हर्डीकर


तिरुवल्लिकेणी
२ ऑगस्ट २०२५

श्री. हर्डीकर,

चिठ्ठी परत पाठवते आहे. चार तुकडे केलेत, मोजून घ्या.

चोर म्हणायचं दीडशे माणसांसमोर आणि चोर नव्हता म्हणायचं बंद पाकिटात, हा कुठला न्याय? आणि त्यातही हात आखडून "हलगर्जी" ही नवी पदवी! अठ्ठावन्न वर्षं एक शिवी दिलीत, ती परत घ्यायची वेळ आली तर दुसरी पुढे केलीत. तुमच्या घरात मोकळ्या हातानं कुणी काही देतं का हो?

अप्पांनी ती हॅट खराब केली नाही. दुकानातून निघाली तेव्हा ती पावणेतेवीस होती आणि तिच्यावर मांजरीच्या पाठीसारखी चमक होती. तुमच्या वडिलांनी ती दोन आठवड्यांनी काउंटरवर आपटली. अप्पांनी ती उचलून नाकाशी नेली आणि काय झालं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. ते एक शब्द बोलले नाहीत. का, ते मला माहीत आहे. कुणी केलं, तेही माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही. अप्पांनी शब्द दिला होता, आणि त्यांच्या माघारी तो मी पाळते आहे. तुमच्यासाठी नव्हे.

मला तुमची हॅट नको, चिठ्ठी नको. एकच हवं. २७ तारखेला गणपती बसतात. पाचव्या दिवशी रविवार आहे. मंडळात आरतीनंतर उभे राहा आणि माणसांसमोर म्हणा की वेंकोबाराव चोर नव्हते. मी बहात्तर वर्षांची आहे. माझ्यामागे हे मागणारं कुणी नाही. मी गेले की अप्पा कायमचे चोर राहतील. म्हणून भांडते आहे, हौस म्हणून नव्हे.

सरोजिनी वेंकोबाराव


अण्णा नगर
९ ऑगस्ट २०२५

सरोजिनीबाई,

माहीत आहे पण सांगणार नाही, हा भ्याडांचा डाव झाला. "कुणी केलं" म्हणजे तुम्हाला काय सुचवायचंय? हॅट आमच्या घरी होती. घरात वडील, आजी, आई आणि मी. आजी देवाचं माणूस. यांतल्या कुणावर चिखल उडवताय? नाव घ्या, नाहीतर तोंड बंद ठेवा.

मंडळात उभं राहून मेलेल्या बापाची शोभा करणं माझ्याच्याने होणार नाही. तुम्हाला तुमचे वडील आहेत, मलाही माझे आहेत.

तुमचं पत्र टेबलावर राहिलं होतं. आईने ते भिंग लावून वाचलं आणि पाकिटावरचा तुमचा पत्ता उतरवून घेतला. या वयात तिला यात ओढल्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

कृ. दि. हर्डीकर


अण्णा नगर
१४ ऑगस्ट २०२५

चि. सरोजिनीस,

मी कृष्णाची आई, सुनंदा. हात हलतो, अक्षर सांभाळून घे. हे पत्र कृष्णाने पाहिलेलं नाही. नात टपालात टाकील.

हॅट मी बुडवली.

ती दुकानातून शनिवारी घरी आली. सोमवारी ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ वारले. मे महिन्याचं ऊन, म्हणून हे ती हॅट घालून स्मशानात गेले. आल्यावर मोरीत कपडे टाकले, अंघोळ केली आणि त्याच संध्याकाळी बारा दिवसांच्या फिरतीवर गेले. हॅट खुंटीवर राहिली. सासूबाईंचं सोवळं कडक. लोकरीला विटाळ लागत नाही, स्मशानातून आलेली शालसुद्धा तशीच घडी करून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "लोकरीचीच आहे, राहू द्या." त्या म्हणाल्या, "तोच सांगत फिरतो ना, लोकर नव्हे, जनावर मारून काढलेली लव आहे म्हणून? मेंढी कातरली तरी जिवंत राहते. हे मेलेल्याचं कातडं. बुडव." ह्यांनीच कौतुकाने ते घरभर सांगितलं होतं. बंबातलं कढत पाणी काढलं, रिठे घातले आणि लुगडं चोळावं तशी चोळली. वाळायला तांब्यावर पालथी घातली. हाताला लागताच कळलं की काहीतरी बिघडलंय. खोक्यात ठेवून दिली.

हे आले, हॅट घालायला गेले, आणि ओरडत दुकानाकडे निघाले. मी दारात उभी होते. दोन शब्द बोलायचे होते. हे हात उचलायचे, शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या, मान वर केली नाही. मीही गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी आले. देवळामागची गल्ली. दार तू उघडलंस, दोन वेण्या होत्या तुझ्या. ताक आणून दिलंस. मी तोंड उघडायच्या आधीच तुझे वडील म्हणाले, "बाई, हॅटला रिठ्याचा वास येत होता." मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, सांगू नका, माझं घरात राहणं कठीण होईल. त्यांनी शब्द दिला. मी तो घेतला आणि घरी गेले.

बुडवताना मला कळत नव्हतं. शब्द घेताना कळत होतं, कारण त्यांचं काम गेलं हे मी ऐकूनच आले होते. गणपतीत ह्यांनी त्यांना चोर म्हटलं तेव्हा मी बायकांच्या दुसऱ्या रांगेत होते. ते बाहेर गेले आणि मी आरती म्हटली. हे जाऊन बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत मला कुणाची भीती नव्हती, तरी बोलले नाही. त्याला मी काय कारण देऊ?

तुझी माफी मागत नाही. एवढ्या म्हातारीने मागितली तर तुला ती द्यावीच लागेल, आणि तसं मला नको. पाचव्या दिवशी मी मंडळात येईन आणि हे सगळं सांगेन.

सुनंदा हर्डीकर


तिरुवल्लिकेणी
१९ ऑगस्ट २०२५

सुनंदाबाई,

तुमचं पत्र वाचलं. पुन्हा वाचणार नाही.

त्या दिवशी तुम्ही गेल्यावर अम्मा अप्पांवर ओरडली. अप्पा तिला म्हणाले, "अगे, ती बाई रडून गेली. आतां तिचं नांव ह्या घरांत काढूं नको. बरं? सरी?" विषय संपला. अम्मानं काढलं नाही, मीही काढलं नाही. तुम्हाला वाटत असेल आम्ही मोठ्या मनाचे होतो. अप्पा होते. मी नव्हते. घरात डाळ नसली की मला तुमची आठवण यायची. खळ लावून लावून अप्पांच्या बोटांना चिरा पडल्या, अंगठ्यानं काही समजेनासं झालं, तेव्हाही यायची. अप्पा गेले त्या दिवशी मंडळातलं एक माणूस खांदा द्यायला आलं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला इतके शिव्याशाप दिले की सांगायची सोय नाही.

मंडळात या. पण तुमची कहाणी सांगू नका. सासूचं सोवळं, नवऱ्याचा हात, कढत पाणी, हे ऐकलं की बायका पदर डोळ्यांना लावतील, तुम्हाला खुर्ची देतील, पाणी देतील, आणि त्या गर्दीत माझे अप्पा पुन्हा मागे राहतील. एकदा तुमच्यासाठी मागे राहिले, पुरे झालं.

एकच वाक्य बोला. वेंकोबाराव चोर नव्हते. बोलून खाली बसा.

सरोजिनी वेंकोबाराव


अण्णा नगर
३ सप्टेंबर २०२५

सरोजिनीबाई,

आईने ३० तारखेला मला सगळं सांगितलं. त्यानंतर मी तिच्याशी बोललेलो नाही. जी बाई हॅटची गोष्ट निघाली की रोज ताटावर मान हलवायची, तिला सगळं माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. वेडा काय तो मी एकटा.

रविवारी तिला घेऊन गेलो, कारण नाही म्हटलं असतं तर ती एकटी रिक्षाने गेली असती. तुम्ही दिसला नाहीत, म्हणून काय झालं ते कळवतो. म्हणजे पुन्हा पत्र येणार नाही.

आरती झाली. आई खुर्चीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वेंकोबाराव चोर नव्हते." आवाज बरा होता, मागेपर्यंत गेला असावा. माइकपाशी एक मुलगी होती, इथल्या कुठल्याशा कंपनीत काम करणारी. तिने विचारलं, "आजी, कोण वेंकोबाराव?"

तिथे शंभर-सव्वाशे माणसं होती आणि एकालाही माहीत नव्हतं. सगळी मागच्या दहा-पंधरा वर्षांत नोकरीसाठी आलेली. जुन्यांपैकी कोणी उरलेलं नाही. तुमच्या वडिलांचं नाव ठाऊक असणारं त्या हॉलमध्ये आईशिवाय आणि माझ्याशिवाय कोणी नव्हतंच, आणि त्यांना चोर समजत आलो होतो तो मी एकटा.

आईने माझ्याकडे पाहिलं. मला बोलणं भाग पडलं. म्हणालो, ते माउंट रोडला हॅट दुरुस्त करणारे कामगार होते. इथे आरतीला टाळ धरायचे. माझ्या वडिलांनी, दिनकरराव हर्डीकरांनी, याच मंडळात त्यांना चोर म्हटलं. ते खोटं होतं. खोटं हा शब्द वडिलांच्या बाबतीत मी जन्मात कधी उच्चारला नव्हता. मग कोणीतरी प्रसादाचं ताट फिरवलं आणि लोक उठले.

तुम्हाला हवं होतं ते मिळालं. मी माझे वडील तिथे टाकून आलो, आणि आई घरी आहे, पण तिच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही.

कृष्णकांत


तिरुवल्लिकेणी
९ सप्टेंबर २०२५

कृष्णकांत,

मी तिथे होते. चपला काढतात त्या दारापाशी, खांबामागे. आत येऊन बसायला पाय उचलला नाही.

त्या मुलीनं "कोण वेंकोबाराव" विचारलं तेव्हा मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी ज्या लोकांशी मनात भांडत होते ते सगळे कधीच मरून गेले होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. "माझे अप्पा" हे शब्द अगदी ओठांवर आले. दोन पावलं पुढेही आले. मग थांबले, कारण उत्तर तुम्ही द्यायचं होतं. तुम्ही दिलंत. "कामगार" म्हणालात, कारागीर म्हणायला हवं होतं. पण "खोटं होतं" हे स्पष्ट म्हणालात, तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव घेऊन म्हणालात. मी ते ऐकलं.

तुमचा माझा हिशोब इथे मिटला असं समजू नका. तुमची पहिली तीन पत्रं मी विसरणार नाही. तुमच्या आईंना मी क्षमा केलेली नाही. करीन असं वाटत नाही, आणि त्यांनीही मागितलेली नाही.

आणखी एक पाहिलं. बोलून झाल्यावर तुमच्या आई खाली बसायला गेल्या, त्यांना खुर्ची सापडेना. हात मागे चाचपडत होता. तुम्ही शेजारी उभे होतात आणि समोर बघत राहिलात. शेवटी त्या माइकवाल्या मुलीनं धरून बसवलं. एक्क्याण्णव वर्षांची बाई भरल्या सभेत उभी राहिली ती माझ्या सांगण्यावरून, आणि तिच्या पोटच्या मुलानं तिला हात दिला नाही.

त्यांच्यावर रागावायचा हक्क माझा आहे. अठ्ठावन्न वर्षं तो मी एकटीनं पोसलाय आणि त्यानं माझं काय झालं ते मला विचारा. तुम्ही तो माझ्याकडून उचलून स्वतःच्या घरात नेऊ नका. तुमच्या आईंशी बोला. आज बोला, जेवायला बसाल तेव्हा.

या पत्राला उत्तर नको.

सरोजिनी